सुटीं पदें आणि संबंध नाटक

संगीत नाटकाच्या ध्वनिमुद्रणाची परीक्षा करतांना आवाज किती गोड, तान किती स्वच्छ आणि खरखर किती कमी, एवढेंच पाहण्याची चाल आमच्याकडे पडली आहे. नाशकास द्वारकेच्या बाजूला आमच्या घरीं जमणारी रसिक मंडळीहि बालगंधर्वांच्या तबकड्या याच मापानें मोजतात. हें माप अपुरें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘सौभद्र’ १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील पदांमधून साक्या व दिंड्या पेरलेल्या आहेत. कथा पुढें सरकते ती त्यांच्या आणि गद्याच्या आधारानें. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. तेव्हां लोकप्रिय पदें तेवढीं उचललीं गेलीं, बाकीचें नाटक बाहेर राहिलें. हा दोष यंत्राचा होता, गायकांचा नव्हे. परंतु ती अडचण दूर होऊन पाऊण शतक लोटलें, तरी आमची आवड तीन मिनिटांचीच राहावी, याला काय म्हणावें?

दोनिझेत्ति याची ‘लुचिया दि लामेरमूर’ (१८३५) ही इटालियन संगीतिका पाहा. स्कॉटच्या कादंबरीवर ती रचलेली आहे आणि तिचें बीज ‘सौभद्रा’च्या बीजाहून फार दूर नाहीं. दोहोंकडे भाऊ बहिणीचें लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरवितो. द्वारकेंत बलरामाचा बेत श्रीकृष्णाच्या कारस्थानानें फसतो व सर्व गोड होतें. लुचियाला असा कृष्ण भेटत नाहीं; ती लग्नाच्या रात्रीं नवऱ्याला ठार करते व वेडी होते. त्या उन्मादांत पूर्वीच्या युगुलगीताची सुरावट वाद्यांतून परत येते. सेराफिन यांच्या संचालनाखालीं १९५३ सालीं झालेल्या मुद्रणांत मारिया कालास यांचा हा प्रवेश ऐकावा. त्या मुद्रणांतहि काटछाट आहेच. पण युगुलगीत आधीं कानांवर पडलेलें असतें, म्हणून ती सुरावट काळजाला भिडते. तोच प्रवेश सुटा ऐकला, तर गळ्याची करामत तेवढी उरते.

कोणी म्हणतील, नाट्यपद मैफलींत रंगतें, मग नाटकाचें लोढणें कशाला? रंगतें हें आम्हांस मान्य आहे. मग त्याला मैफलीचें गाणें म्हणून खुशाल तोलावें. त्यावरून सुभद्रेच्या भूमिकेचा निवाडा मात्र करूं नये. तिचा राग, तिची लाज व अर्जुनावरील निष्ठा केवळ रागाच्या नांवावरून कळत नाहींत. त्यांना प्रसंग लागतो.

नाशिककरांना तरी हें पटावें. येथेंच इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’मधील (१९६४) पदें जितेंद्र अभिषेकींच्या चालींमुळें घरोघर पोहोंचलीं. तीं गुणगुणणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं पराशर व सत्यवती यांचे संवाद वाचले आहेत?

म्हणून परीक्षकांनीं प्रत्येक मुद्रणास प्रथम हें विचारावें : कोण गातें, कोणापाशीं, आणि कोणत्या वाक्यानंतर? श्रोत्यांनीं पद लावण्यापूर्वीं तो प्रवेश घरांत मोठ्यानें वाचावा. मुद्रण करणारांनीं साकी, दिंडी व गद्य यांसह संबंध अंक द्यावे. एवढें न झाल्यास पुढच्या पिढीला सुभद्रा हें एखाद्या गाण्याचें नांव वाटेल, आणि त्याचा दोष यंत्रावर ढकलतां येणार नाहीं.