मदत नव्हे, सहधर्म

कुटुंबव्यवस्थेच्या भवितव्याची चर्चा निघाली, की ती घटस्फोट, पाश्चात्त्य जीवनशैली आणि नव्या पिढीची कमी झालेली सहनशीलता यांभोवती फिरत राहते. वास्तविक, बहुतेक घरे मोडत नाहीत. ती आतून आंबत जातात. मुले लहान असतानाच्या वर्षांत पती-पत्नींच्या मनात एकमेकांविषयी अढी बसते. भांडण होत नाही, आवाज चढत नाही. फक्त बोलणे दुधाची पिशवी, शाळेची फी आणि गॅसचा नंबर एवढ्यापुरते उरते. बाहेरून सुखी दिसणाऱ्या कित्येक घरांचे हे चित्र आहे.

ही धुसफूस उगवते कोठून? डोंबिवलीहून सकाळी लोकल पकडणारा आणि रात्री नऊला परतणारा पिता घराच्या हप्त्यांखाली दबलेला असतो. आपले कष्ट कोणी मोजत नाही, घरी आल्यावर केवळ चुका दाखवल्या जातात, हा त्याचा सल असतो. आईचा सल वेगळा. लसीची तारीख, डब्यातील भाजी, पालकसभा, रात्री चढलेला ताप हे सारे तिनेच लक्षात ठेवायचे. कामापेक्षा हे अखंड लक्षात ठेवणे थकवणारे असते आणि ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. दोघेही खरे असतात. म्हणूनच हा तिढा अवघड होतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत असल्याचे आढळले. पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २६ होते, तर स्त्रिया ८१. २०२४ च्या पाहणीतही ही तफावत मिटली नव्हती. एकत्र कुटुंबात हा भार आजी, काकू, आत्या यांच्यात वाटला जाई. कुटुंब दोन खोल्यांत आले, माणसे कमी झाली. भार मात्र तेवढाच राहिला आणि तो एकाच खांद्यावर आला.

कायद्यानेही हीच सवय पक्की केली. २०१७ च्या दुरुस्तीने आईची पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली, हे स्वागतार्हच. केंद्रीय कर्मचारी असलेल्या पित्याला मात्र पंधरा दिवसांची रजा मिळते, खासगी क्षेत्रात ती मालकाच्या मर्जीवर असते. त्या पहिल्या सहा महिन्यांत आई बाळाच्या बाबतीत जाणती होते आणि बाबा सांगकाम्या. पुढे तो मुलाला आंघोळ घालू लागला, तरी ‘तुम्हाला जमायचे नाही’ असे म्हणून त्याला बाजूला केले जाते. मग त्याचे उरते ते ‘मदत’ करणे. मदत हा शब्दच काम दुसऱ्याचे असल्याची कबुली देतो.

विवाह हा करार नसून संस्कार आहे, तेथे तासांचा हिशेब कसला, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो तत्त्वतः योग्यच आहे. परंतु संस्कार दोघांवर झालेला असतो. धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत मर्यादा ओलांडणार नाही, हे ‘नातिचरामि’चे वचन वर देतो. त्यागाचा उपदेश एकीलाच आणि सवलत दुसऱ्याला, हा सहधर्म नव्हे. मातांसमोर जिजाऊंचा आदर्श ठेवला जातो आणि तो ठेवलाच पाहिजे. तथापि जिजाऊंच्या भोवती जहागिरीचा कारभार सांभाळणारी विश्वासू माणसे होती. आज फ्लॅटमधील आईच्या भोवती बंद दार असते, याचेही भान हवे.

हा प्रश्न सामाजिक कार्यकर्त्यांच्या घरांना तर अधिकच लागू पडतो. संध्याकाळी शाखा, रविवारी बैठक, महिन्यातून प्रवास असे ज्याचे जीवन आहे, त्याच्या कार्यात पत्नीचा वाटा निम्म्याहून अधिक असतो. सत्काराच्या भाषणात तिचा उल्लेख होतो, वेळापत्रकात होत नाही. समाजासाठी दिलेला वेळ पवित्र खरा. पण तो कोणाच्या वेळातून दिला, हे कार्यकर्त्याने स्वतःला विचारावयास हवे. संघशताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला स्थान आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन करावे, गप्पा माराव्यात, असा आग्रह त्यात धरला जातो. त्या दिवशी चार पदार्थ तिनेच रांधायचे आणि भांडीही तिनेच आवरायची असतील, तर प्रबोधन कोणाचे झाले?

उपाय घरातलेच आहेत. पित्याने सुटी कामे न मागता एखादी जबाबदारी समूळ घ्यावी. मुलाचे दवाखाने घेतले, तर तारखा लक्षात ठेवण्यापासून औषध देण्यापर्यंत सर्व त्याचे. आईने ती त्याच्या पद्धतीने होऊ द्यावी. मुले झोपल्यावर पंधरा मिनिटे दोघांनी बोलावे आणि त्यात मागील उणीदुणी न काढता येणाऱ्या आठवड्याचा भार वाटून घ्यावा. मुलाला निरोप्या करून ‘बाबांना सांग’ म्हणणे कटाक्षाने टाळावे. सासूबाईंनीही मुलाला भांडी घासताना पाहून सुस्कारा सोडू नये. त्या एका सुस्काऱ्याने महिनाभराचे सामंजस्य विसकटते.

संस्कारवर्गात आठवड्याला एक तास शिकवलेले मूल विसरेलही. आईवडील एकमेकांचे ओझे कसे उचलतात, हे मात्र ते रोज पाहत असते आणि उद्याचा आपला संसार त्यावरूनच रचत असते. राष्ट्रउभारणीचा आरंभ कुटुंबापासून होतो, असे जे मानतात, त्यांनी तो आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यापासून करण्यास संकोच कशाला धरावा?