चिखलाने जपलेले जीव

आपल्या सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. कॅनडाच्या रॉकी पर्वतातला बर्जेस शेल त्याहून जवळजवळ आठपट जुना, सुमारे ५०.८ कोटी वर्षांचा. १९०९ मध्ये चार्ल्स वॉलकॉट यांना तिथे जीवाश्म सापडले. पुढे त्यांनी ६५ हजारांवर नमुने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी गोळा केले.

एरवी दगडात उरतात ती कवचं नि हाडं. इथे समुद्रतळावर अचानक घसरून आलेल्या बारीक गाळाने मऊ अंगाचे जीवही कुजण्याआधी झाकून टाकले. त्यामुळे डोळे, कल्ले, आतडीसुद्धा उमटली. पाच डोळ्यांचा, सोंडवाला ओपाबिनिया आपल्याला ठाऊक आहे तो या चिखलामुळेच.

पण पुरावा हाती असला, तरी तो वाचता यावा लागतो. अ‍ॅनोमॅलोकॅरिसचं तोंड जेलीफिश म्हणून नोंदलं गेलं, त्याची पुढची उपांगं कोळंबीसारखा वेगळा प्राणी ठरली. सगळे अवयव एकाच शिकाऱ्याचे, हे १९८५ मध्ये स्पष्ट झालं. हॅल्युसिजेनियाच्या पाठीवरचे काटे १९७७ मध्ये पाय समजले गेले. बिचारा १९९१ पर्यंत उलटाच उभा होता!

या चुका शास्त्रज्ञांनी झाकल्या नाहीत. जुने नमुने पुन्हा बाहेर काढून दुरुस्त केल्या. विज्ञानाची खरी श्रीमंती तीच. या अंकातले जीवाश्मांवरचे लेखही वाचकांनी त्याच नजरेने वाचावेत, आणि शंका आली तर आम्हाला जरूर कळवावी.