राक्षस हजर, यक्ष गैरहजर

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकी खेळाने 2024 मध्ये पन्नाशी गाठली. त्याच वर्षी 'प्लेअर्स हँडबुक' या त्याच्या मूळ नियमपुस्तकाची सुधारित आवृत्ती बाजारात आली. खेळाडूला कोणकोणत्या योनीत जन्म घेता येईल, याची यादी या पुस्तकात असते. यावेळच्या यादीत दहा नावे आहेत : मानव, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग, नोम, ऑर्क, गोलायथ, ड्रॅगनबॉर्न, टीफलिंग आणि आसिमार. युरोपातील लोककथा, टॉल्कीनच्या कादंबऱ्या, ख्रिस्ती कल्पनेतील देवदूत व सैतान यांच्या छायेत ही यादी वाढली आहे. यक्ष, गंधर्व, विद्याधर, नाग वा वेताळ यांपैकी एकालाही तीत जागा नाही.

खेळातील यादीची एवढी चिकित्सा कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर खेळाच्या रचनेत सापडते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि फाशांवर यशापयश ठरते. या खेळाची मुख्य पुस्तके दोन प्रकारची. एका पुस्तकातून खेळाडू स्वतःचे पात्र निवडतो, दुसऱ्यातून सूत्रधार शत्रू निवडतो. पहिल्या पुस्तकातील जीवाला मन, हेतू आणि भविष्य असते. दुसऱ्यातील जीवाला मुख्यतः बळ असते आणि त्याला कसे मारावे याची कृती असते.

भारत या खेळात अगदी आरंभापासून आहे, पण तो दुसऱ्या पुस्तकात. राक्षस डिसेंबर 1975 मध्ये खेळाच्या नियतकालिकात अवतरला आणि 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये स्थिरावला. वाघाचे डोके, मायावी रूपे आणि मंतरलेल्या बाणाने मृत्यू, असे त्याचे वर्णन होते. हा राक्षस रामायणापेक्षा 'कोल्चॅक' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेला अधिक जवळचा आहे. नागही 1975 मध्येच शत्रूंच्या यादीत गेले. बिभीषणाची द्विधा, हिडिंबेचा संसार, घटोत्कचाचे बलिदान यांचा तेथे मागमूस नाही.

ज्या भूमीतून हे जीव उचलले, तेथे त्यांचे स्थान काय होते? याचे एक उत्तर जालना जिल्ह्यात मिळते. केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत येथील रहिवाशांचा उल्लेख आहे. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी 1973 मध्ये येथे उत्खनन केले, तेव्हा जालना हा स्वतंत्र जिल्हाही झाला नव्हता. त्या उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. इटलीतील पाँपेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, आणि तेथे 1938 मध्ये जी भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिच्याशी या मूर्तीचे ठळक साम्य आहे. पाँपेईची मूर्ती लक्ष्मीची म्हणून प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक मात्र तिला यक्षी मानतात. तो तर्क ग्राह्य धरला, तर दोन हजार वर्षांपूर्वी रोमन श्रीमंताच्या घरी पोहोचलेल्या यक्षीला आजच्या अमेरिकी खेळात अद्याप प्रवेश नाही, असे म्हणावे लागते.

भोकरदनपासून फार दूर नसलेल्या पैठणची परंपरा याहून बोलकी आहे. सातवाहन राजाच्या दरबारातील गुणाढ्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' रचली, असे परंपरा सांगते. मूळ ग्रंथ लुप्त आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'तून त्याची ओळख होते. त्यात ही कथा गुणाढ्याला सांगतो तो काणभूती नावाचा पिशाच. तो मूळचा यक्ष, शापामुळे पिशाचयोनीत आलेला. त्याने कथा सांगितली की तो मुक्त होणार आणि गुणाढ्याने ती जगात पसरवली की तोही मुक्त होणार, असा उःशाप आहे. येथे पिशाचाला भाषा आहे, भूतकाळ आहे आणि सुटकेची वाट आहे. ज्याला खेळ शत्रूंच्या रांगेत उभे करील, तो या ग्रंथात निवेदक आहे.

लोकरंगभूमीनेही हेच केले. लळितात आणि बोहाड्यात देवांबरोबर राक्षसांची सोंगे येतात आणि ती गावातलीच माणसे घेतात. दशावतारातला संकासुर असुर असूनही प्रेक्षकांना हसवतो. पैठणच्याच एकनाथांनी भारुडांतून महाराची, भुत्याची, मुरळीची वाणी उच्चारली. दुसऱ्याच्या तोंडून बोलणे ही मराठी मनाला परकी गोष्ट कधीच नव्हती.

उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाने 2012 च्या एका पुस्तकात वानर, नागजी आणि विषकन्या यांना खेळाडूच्या बाजूला बसवले. वानराला शत्रूच्या रांगेतून उचलून पात्र केले, याचे मोल जालनेकराला सांगावे लागणार नाही. गावोगावी मारुतीची उपासना रुजवणाऱ्या समर्थ रामदासांचा जन्म याच जिल्ह्यातील जांब येथला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नेही 2022 मध्ये कृष्णवर्णीय व अन्य गौरेतर लेखकांकडून तेरा साहसकथांचा संग्रह लिहवून घेतला. त्यातून नवी नगरे आली. मूळ पुस्तकातील योनींची यादी मात्र त्या दिशेने सरकली नाही.

तथापि, यादीत चार भारतीय नावे घुसडल्याने प्रश्न सुटणार नाही. 1974 च्या नियमांत मानवाला प्रगतीची मर्यादा नव्हती; ड्वार्फ योद्धा सहाव्या पायरीवर थांबे, तर हॉबिट चौथ्या. जन्मावरून पात्रतेची सीमा ठरवणारा हा नियम मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल, आणि तो का बोचतो हेही कळेल. ही मर्यादा पुढे गेली. डिसेंबर 2022 मध्ये कंपनीने 'रेस' हा शब्द टाकून 'स्पीशीज' हा शब्द स्वीकारल्याचे जाहीर केले आणि 2024 च्या आवृत्तीत बळ, बुद्धी आदी गुणांची वाढ योनीऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली.

आपल्या लोकसमजुतींतील जीवही या दोषातून मुक्त नाहीत. मुंजा हा मुंज झालेला आणि सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा. ब्रह्मराक्षस हा पापाचरणी ब्राह्मण. हडळ ही बहुधा बाळंतपणात दगावलेली बाई. भुतांच्या या जगात जात आणि स्त्रीचे दुःख दोन्ही गोठलेली आहेत. त्यांना जसेच्या तसे नियमपुस्तकात उतरवले, तर जुनाच अन्याय फाशांवर पुन्हा खेळला जाईल. काणभूतीची गोष्ट येथे उपयोगी पडते. त्याची योनी ही शापाने आलेली अवस्था आहे, आणि ती संपवण्याचा मार्ग त्याच्या कृतीत आहे. हडळ होऊन खेळणाऱ्याला तिच्यावर झालेला अन्याय उघड करण्याचे ध्येय देता येईल. मुंजाला पिंपळाची हद्द ओलांडण्याचे. जन्मजात गुणांच्या तक्त्याऐवजी शाप, त्याचे कारण आणि उःशाप अशी तीन घरे पात्राच्या कागदावर छापली, तरी खेळाचे स्वरूप पालटेल.

यासाठी अमेरिकी कंपनीच्या कृपेची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. जानेवारी 2023 मध्ये मोठा गदारोळ झाल्यानंतर कंपनीने खेळाच्या मूलभूत नियमांचा एक संच 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुला केला. मूळ श्रेय नमूद करून कोणीही त्यावर नवे पुस्तक रचू शकतो, विकूही शकतो. मराठीत ते रचायचे झाल्यास सामग्री भोकरदनच्या मातीत आणि पैठणच्या कथेत पुरेशी आहे. प्रश्न उरतो तो लेखकांचा व प्रकाशकांचा. इंग्रजी खेळांवर वाढलेल्या शहरी मुलांसाठी ते काम कोणी हाती घेतले नाही, तर त्यांची राक्षसाशी पहिली ओळख वाघाच्या डोक्याने आणि मंतरलेल्या बाणानेच होत राहील.