घरी परतल्यानंतरचा धोका

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके निघाले, रुग्ण घरी परतला, की संकट टळले असे मानले जाते. ब्रिटनमधील सुमारे साडेनऊ लाख मध्यमवयीन महिलांच्या पाहणीचे २००९ मधील निष्कर्ष मात्र या समजुतीला छेद देणारे ठरले. रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया करून घेतलेल्या दर १४० महिलांपैकी एकीला पुढील १२ आठवड्यांत रक्ताच्या गुठळीमुळे रुग्णालय गाठावे लागले; गुडघा वा खुबा बदललेल्यांत हे प्रमाण ४५ मध्ये एक होते. धोका सर्वाधिक होता तो तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे बहुतेक जणी घरी असताना!

हालचाल मंदावली की पायांच्या खोल शिरांत रक्त साकळते. गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास मृत्यूही ओढवतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१० मध्ये दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णांच्या जोखीम-तपासणीची नोंद रुग्णालयांना बंधनकारक केली. तथापि, ही तपासणी दाखल होतानाची आहे. रक्त पातळ करणारे औषध किती दिवस घ्यायचे, एकाच पोटरीला आलेली सूज किंवा अचानक लागलेली धाप कशाचे लक्षण असू शकते, हे घरी निघालेल्या रुग्णाला सांगितलेच गेले नाही, तर सारी दक्षता रुग्णालयाच्या उंबरठ्यावरच संपते.