आईंच्या नावापुढे किती उपवास?

सासूबाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी शोकसभेसाठी माहिती हवी म्हणून फोन आला. दशलक्षणाचे दहा उपवास किती वेळा केले? सोळाकारण झालं होतं का? मी गप्पच राहिले. आईंच्या नावावर मोठा उपवास एकही नव्हता. चाळिशीतच साखर लागली, पुढे इन्सुलिन. शेवटी "धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या" एवढं एक वाक्य वाचलं गेलं आणि णमोकार मंत्र म्हणून सगळे उठले.

ते एक वाक्य मला अजून टोचतं.

आमच्या पिठाच्या डब्यावर खडूनं तारीख असायची. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात; त्यापुढचं पीठ आई चुकूनही वापरू देत नसत. चार मुलं वाढवली, मग नातवंडं, आणि पाणी गाळायचं काम कधी दुसऱ्यावर टाकलं नाही. गाळलेलं पाणी ४८ मिनिटांपुरतंच. म्हणजे दिवसातून कितीदा गाळलं असेल, ते कुणी मोजलं?

२०१२-१३ चा दुष्काळ जालन्यात कुणी विसरणार नाही. घाणेवाडीचा तलाव आटला, आमचा आड त्याआधीच गेला होता. पाणी टँकरनं यायचं. जिवानी ज्या पाण्यातली त्याच पाण्यात परत सोडायची, हा आईंचा नेम. आता टँकरच्या पाण्याची विहीर कुठली? आईंनी ड्रायव्हरलाच विचारलं, "दादा, कोणत्या गावची विहीर?" मग गळण्यातली जिवानी झाकणाच्या लोट्यात घालून त्याच्याकडे दिली, "भरायला जाशील तेव्हा तिथंच हळू सोड." पहिल्या दिवशी तो हसला. (खरं सांगते, मीही हसले होते.) महिनाभरानं तोच दारात उभा राहून विचारायला लागला, "आजी, लोटा?"

चौका लागला की आई पहाटे चारला धान्य निवडायला बसत. घासात एक केस निघाला की अंतराय, महाराज दिवसभर उपाशी. आणि उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही. आहार द्यायला पुढे आम्ही, फोटोत आम्ही. आई आत चुलीपाशी.

एका भाद्रपदात, पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. घरात कुणाला न सांगता उपवास धरला होता. इन्सुलिन घेतलं आणि पोटात काही नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "एकदा तरी मंदिरात माझं नाव घ्यावं वाटलं गं." आदल्या वर्षी तपस्वींच्या सत्कारात कुणीतरी विचारलं होतं, "तुमचं यंदा पण नाही का?" तेवढंच लागलं होतं त्यांना.

मैत्रिणींनो, उपवास करणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. माझ्या जाऊबाईंनी दहा उपवास केले तेव्हा रात्री त्यांचे पाय मीच चेपले, ते काय कष्ट असतात ते पाहिलंय. पण आपल्या शास्त्रात तपं बारा सांगितली आहेत. अनशन त्यातलं एक. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हेही तपच, आणि तेही अंतरंग तपांत. सोळाकारण भावनांमध्येसुद्धा तप "शक्तितः" आहे, आपल्या शक्तीप्रमाणे. मग मंदिरात माईकवरून फक्त आकडे का वाचायचे? साखर-बीपीच्या बायका गोळ्या लपवून उपवास धरतात, त्यात या माईकचाही वाटा आहे असं मला वाटतं. क्षमावाणीच्या दिवशी तपस्वींना जरूर हार घाला. पण त्यांच्या पारण्याचं मुगाचं पाणी पहाटे उठून कुणी केलं, तिलाही एकदा पुढे बोलवा. आणि "यंदा पण नाही का?" हा प्रश्न तेवढा बंद करा. तिच्या पिशवीत डॉक्टरांची कोणती चिठ्ठी आहे, आपल्याला माहीत नसतं.

पुढच्या महिन्यात आईंची पहिली पुण्यतिथी. या वेळी वाचायचा कागद मी स्वतः लिहून देणार आहे. उपवासांपुढे शून्य लिहीन. त्याखाली पिठाच्या डब्यावरची तारीख आणि टँकरवाल्याचा लोटा.