पट्टी कापताना गोळीचे नाव कापू नका : ऊसतोड कामगारांचे निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई
प्रत : मा. साखर आयुक्त, पुणे

विषय : चिठ्ठीविना आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांबाबत

महोदय,

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड, लागतो. पहाटेपासून वाकून तोड, मग डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. कंबर, मान, गुडघे दुखतातच. मग दुकानात जाऊन ‘अंगदुखीची गोळी’ मागितली जाते. दुकानदार पट्टीच्या दोन गोळ्या कात्रीने कापून कागदाच्या पुडीत देतो. कापलेल्या तुकड्यावर कधी नावाची दोन अक्षरे उरतात, कधी तीही नाहीत. मुदतीची तारीख दुकानातल्या पट्टीवरच राहते.

आपण काय गिळतो आहोत हे घेणाऱ्याला कळत नाही, ही निवेदनकर्त्यांची मूळ तक्रार आहे.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड या सगळ्याच ‘अंगदुखीच्या गोळ्या’. धोके मात्र निरनिराळे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक उपाशीपोटी वारंवार घेतल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळे होणे ही त्याची खूण. शिवाय मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये या औषधांमुळे कमी होतात. घामाने अंगातले पाणी आटलेले असताना नेमकी त्यांचीच गरज असते. फडात आडोसा नसल्याने बायका पाणीच कमी पितात, म्हणून त्यांना धोका अधिक.

पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित, पण मोजून घेतले तरच. धडधाकट प्रौढाला चोवीस तासांत 4000 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेता येत नाही. दारू पिणाऱ्याला किंवा अशक्त माणसाला त्याहून कमी. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसोबत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. ती घेतलेल्याने तापासाठी क्रोसिन आणि सर्दीसाठी तिसरी गोळी घेतली, तर पॅरासिटामॉलच दोन-तीनदा पोटात जाऊ शकते आणि यकृतावर ताण येतो.

सरकारला हे धोके ठाऊक आहेत. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर 2011 मध्ये बंदी आली. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनामिक ॲसिडमुळे अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया उमटू शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिला. नाव नसलेल्या पुडीपर्यंत ना ती बंदी पोहोचते, ना हा इशारा.

नियमही आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधे. एक हजारापर्यंत वस्तीच्या गावात परवान्याविना ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल किंवा बाम विकता येतो. पण तेही निर्मात्याच्या मूळ, न उघडलेल्या वेष्टनात. 2023 पासून औषधांच्या 300 ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. कापलेल्या तुकड्यावर तो कुठून येणार?

गोळ्या बंद करा, असे निवेदनकर्ते म्हणत नाहीत. दुखणे खरे आहे आणि दवाखाना लांब आहे. त्यांच्या मागण्या अशा :

1. पट्टी कापून दिल्यास औषधाचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेली मराठी चिठ्ठी सोबत देण्याचे आदेश काढावेत.
2. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरातील औषध दुकाने आणि किराणा दुकाने यांची औषध निरीक्षकांमार्फत तपासणी व्हावी.
3. चिठ्ठीविना कोणती वेदनाशामके मिळतात आणि कोणती नाहीत, याचा मराठी फलक प्रत्येक औषध दुकानात लावावा. त्यावर दुष्परिणाम कळवण्याचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक असावा.
4. ब्रिटनने 1998 मध्ये पॅरासिटामॉलच्या पाकिटातील गोळ्यांवर मर्यादा घातली : साध्या दुकानात 16, औषध दुकानात 32. नाव आणि मुदत शाबूत राहतील अशी छोटी पाकिटे इथेही यावीत, यासाठी केंद्राकडे शिफारस करावी.
5. कारखान्यांनी फडावर पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह, तसेच तळावर आठवड्यातून एकदा आरोग्य तपासणी पुरवावी, असे साखर आयुक्तालयाने कळवावे.

यावर चर्चेसाठी वेळ द्यावा आणि झालेली कार्यवाही टोळ्या गाव सोडण्यापूर्वी लेखी कळवावी, ही विनंती.

निवेदनकर्ते,
बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार व आरोग्य कार्यकर्ते