घमेले बाईचे, थापी गड्याची

रोजगार हमी योजनेचा उगम सांगली जिल्ह्यातला आहे. १९६५ साली तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून जो प्रयोग झाला, त्यालाच १९७२ च्या दुष्काळात राज्यव्यापी योजनेचे स्वरूप आले. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. नोकरदारांच्या पगारपत्रकावर व्यवसायकराची जी कपात दिसते, ती १९७५ साली याच योजनेचा खर्च भागविण्यासाठी सुरू झाली होती. माण, खटाव, जत आणि आटपाडीच्या पाझर तलावांशी शिक्षक-कारकुनांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

त्या तलावांच्या बंधाऱ्यांवर माती कोणी टाकली आणि रस्त्यांची खडी कोणी फोडली, हे दुष्काळ पाहिलेल्या पिढीला सांगावयास नको. घरचा कर्ता मुंबईच्या गिरणीत किंवा गलाईच्या धंद्यासाठी परप्रांतात, आणि मागे राहिलेली बाई हजेरीपटावर, असे चित्र पूर्वेकडच्या तालुक्यांत सर्रास होते. योजनेने तिला एक फार मोठी गोष्ट दिली. शेतावर बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी, हा जणू निसर्गनियम समजला जात असे. सरकारी कामावर मात्र मापाप्रमाणे दाम आणि दर दोघांना सारखा. समान वेतनाचा केंद्रीय कायदा १९७६ चा. येथील मजूर बाईला त्याची चव या कामांनी चाखविली.

पण या हमीच्या शब्दरचनेत एक विशेषण असे बसले आहे की, त्याची फारशी चिकित्सा कधी झाली नाही. कायद्याने हमी दिली ती ‘अकुशल’ कामाची. २००५ च्या केंद्रीय कायद्यात हाच शब्द होता, आणि त्याची जागा घेणारा जो कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केला, त्यात दिवस शंभराचे सव्वाशे झाले तरी विशेषण बदललेले नाही. २००५ च्या कायद्याखाली मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण साठास चाळीस असे बांधलेले होते, आणि कुशल कामगाराची मजुरी धरली जाई ती साहित्याच्या बाजूस! सिमेंट, दगड आणि गवंडी एका रकान्यात, घमेले वाहणारी बाई दुसऱ्यात. तिने थापी हाती घेतली असती, तर हिशेबाच्या दृष्टीने ती मजूर न राहता सामान ठरली असती. कठीण दिवसांत कोणाचीही उपासमार होऊ नये, एवढ्याच मर्यादित हेतूने हे नियम झाले, हे मान्य करावयास हवे. मात्र त्यांच्या सावलीत बायकांच्या दोन-तीन पिढ्या ‘अकुशल’ म्हणून आल्या आणि ‘अकुशल’ म्हणूनच थकल्या.

खाजगी बांधकामावर तर विशेषणाचीही गरज पडत नाही. कऱ्हाड, सातारा, इस्लामपूर किंवा सांगली-मिरजेच्या कोणत्याही कामावर जावे. चुंबळीवर घमेले घेऊन शिडी चढणारी बाई असते आणि थर लावणारा गडी असतो. तिच्या बरोबरीने बिगारी म्हणून लागलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा चार-पाच वर्षांत गवंडी होतो. त्याला कोणी शाळेत घालीत नाही. जेवणाच्या सुट्टीत तो थापी हातात घेऊन पाहतो, ओळंबा धरावयास शिकतो, आणि एखाद्या दिवशी गवंडी त्याला म्हणतो, “हा थर तू लाव.” त्याच सुट्टीत बाई झोळीतल्या लेकराला पाजत असते. तिला थर लावावयास कोणी सांगत नाही. तिनेही मागितल्याचे क्वचितच घडते. वास्तविक मालात वाळू किती नि सिमेंट किती, वीट किती भिजली म्हणजे पुरे, गिलाव्याला पाणी किती दिवस मारावे, हे सारे तिला पाठ असते. गवंड्याची हजेरी बिगाऱ्याहून पुष्कळच वरची आणि बाईची हजेरी पुरुष बिगाऱ्याहूनही खालची. एका जन्मातला हा फरक मांडला, तर तो एका लहानशा घराच्या किमतीएवढा सहज भरेल.

बाईला हे काम झेपणार नाही, परांचीवर ती घाबरेल, असे ठेकेदार सांगतात. परांचीपर्यंत माल तीच पोहोचविते आणि थापीचे वजन घमेल्याहून जास्त नसते, तेव्हा या युक्तिवादात फारसा जीव नाही. खरे कारण वेगळे आहे. आपल्याकडे हुन्नर पुरुषांच्या नात्यातून पुढे जातो. खानापूर-आटपाडीचा पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानी जाऊन गलाई शिकतो. गवंड्याचा पुतण्या गवंडी होतो. सुनेला कोण शिकविणार? हे बाजार आपण होऊन करणार नाही, म्हणून शासनाने लक्ष घालावयास हवे.

तसे केल्याचे दाखले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावच्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. त्या गवंडी नव्हत्या. पण भूकंपात भिंत कशाने तगते आणि कशाने कोसळते, हे त्या घरोघर समजावून सांगू लागल्या. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने मजूर स्त्रियांना गवंडीकाम शिकविले. झारखंडात शौचालये बांधण्यासाठी पुढे आलेल्या बायकांना ‘राणी मिस्त्री’ हे नावच पडले.

सातारा-सांगलीत काम नाही असेही नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठची मातीची घरे पडली. घरकुल योजनांची कामे गावोगाव चालू असतात आणि ग्रामीण आवास योजनेत प्रत्यक्ष घर बांधता-बांधता गवंडी घडविण्याच्या पंचेचाळीस दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूदही झालेली आहे. तीत दुष्काळी तालुक्यांपुरत्या निम्म्या जागा बायकांना राखून ठेवण्यास कोणती अडचण आहे? पैशाची सबब तर नकोच. १९९६ च्या दोन कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर बसविला. आता ती व्यवस्था २०२० च्या संहितांत गेली आहे. हा पैसा मजुरांपर्यंत पोहोचत नाही याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांना कठोर शब्दांत सुनावले होते. महाराष्ट्राच्या मंडळाच्या योजनांपैकी गावोगाव गाजली कोणती, तर गृहोपयोगी भांड्यांच्या संचाची. भांड्यांची ददात खरीच असते, त्यांना नावे ठेवू नयेत. पण जिच्या श्रमांवर उपकर गोळा झाला, तिला त्यातून पातेली मिळावीत आणि थापी मिळू नये, हे थोडे विचित्रच होय.

त्यातही मंडळाकडे नोंद व्हावयाची तर वर्षात नव्वद दिवस बांधकाम केल्याचा दाखला लागतो. बाई चार महिने भांगलणीला, दोन महिने ऊसतोडीला आणि उरलेला काळ बांधकामावर. ठेकेदार जोडपे ठेवतो, नाव लिहितो नवऱ्याचे. मग तिचे नव्वद दिवस कोणी मोजायचे?

शिकलेल्या बाईला पहिली भिंत कोण बांधू देईल, हा प्रश्न प्रमाणपत्राने सुटणारा नाही. येथे जिल्हा परिषदांनी पुढे यावे. मजूर सहकारी संस्थांना ठराविक मर्यादेपर्यंत निविदेविना कामे देण्याची पद्धत राज्यात जुनी आहे. यांतल्या कित्येक संस्था कागदावर मजुरांच्या नि प्रत्यक्षात ठेकेदारांच्या, अशी तक्रारही तितकीच जुनी. सहकाराचा अभिमान मिरविणाऱ्या या दोन जिल्ह्यांत खऱ्याखुऱ्या मजूर बायकांच्या चार-दोन संस्था उभ्या करून अंगणवाड्यांची बांधकामे आणि शाळांची शौचालये त्यांच्याकडे सोपविता येतील. प्रारंभी कामे सावकाश होतील, एखाद्या भिंतीला पोक येईल. पुरुष गवंड्यांच्याही पहिल्या भिंती काही ओळंब्यात नव्हत्या. अशा कामांवर लेकरांसाठी पाळण्याची आणि सावलीची सोय मात्र अंदाजपत्रकातच धरावी, ती ठेकेदाराच्या दयेवर सोडू नये. आणि आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी जोडप्याची मजुरी एकत्र मोजून नवऱ्याच्या हातावर ठेवण्याचा जो रिवाज आहे, तो निदान सरकारी पैशाच्या कामावर तरी बंद करून बाईची हजेरी तिच्या नावे, तिच्याच खात्यावर जमा करावी.